भरतपूर दोन तासांत उरकू नका

आग्र्याहून जयपूरला जाता जाता भरतपूरचं केवलादेव हे पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान दोन तासांत बघून घ्या, हा तुमच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे हे खरं, पण ते रमतगमत बघायचं ठिकाण आहे. सायकलरिक्षा घ्या. तिथल्या रिक्षावाल्यांची पक्ष्यांची जाण थक्क करणारी आहे. आमच्या सरदारजींनी रिक्षा चालवता चालवता झाडाच्या ढोलीत डोळे मिटून बसलेला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, हेरला. आम्हाला तो बोट दाखवूनही चटकन दिसेना.

ऑक्टोबरात गेलात तर पाण्यातल्या बाभळी चित्रबलाकांच्या (रंगीत करकोच्यांच्या) घरट्यांनी गच्च भरलेल्या असतात. भर उन्हात आई नाहीतर बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा असतो. हे घाईत कसं दिसणार? थंडीत पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, येतात. सायबेरियन क्रौंच मात्र २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथे दिसलेले नाहीत, म्हणून लेखातला त्यांचा फोटो कृपया काढा, लोक उगाच आस लावून जातील. आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी तळी कोरडी पडतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी पाण्याची चौकशी जरूर करा.