तरतरी पाहिजे ना? मग एक बाटली लावूनच घ्या

दोन दिवस अंगात कणकण आहे, तोंडाला चव नाही, जिना चढताना पाय गळाल्यासारखे होतात? मग घरात मऊ भात आणि लिंबू सरबत असले भिकारडे उपाय करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा आणि डॉक्टरने काय होतंय विचारायच्या आधीच सांगून टाका, "साहेब, एक सलाईन लावा." आजार काय आहे ते नंतर निवांत बघता येतं, बाटली आधी.

डॉक्टर निवडताना मात्र डोकं वापरा. जो जीभ बघतो, पोट दाबतो आणि "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, तीन दिवसात उतरेल" म्हणून वाटेला लावतो त्याच्याकडे परत पाऊल टाकू नका, त्याला काही येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावाला असा एक नवीन डॉक्टर आला होता, भलताच कडक, गरज नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही. पहिलं वर्षभर त्याच्या बाकड्यावर माश्या आणि समोरच्या दवाखान्यात खाटा पुरेनात म्हणून लोक पायरीवर बसून सलाईन घ्यायचे, बाटली खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीने बांधलेली. दुसऱ्या वर्षी यानेही सहा खाटा आणल्या. आता म्हणतात डॉक्टरच्या हाताला गुण आलाय.

बाटली घेताना रंगाचा आग्रह धरा. साधी पाण्यासारखी लावून घेतली तर शेजारच्या खाटेवरचा माणूस कीव करतो. ताकदीची मागा, म्हणजे पिवळी. ती पिवळी कशी होते हे बघण्यासारखं असतं, कंपाउंडर एमव्हीआयची, म्हणजे व्हिटॅमिनांच्या मिश्रणाची, काचेची छोटी कुपी टचकन फोडतो, सिरिंजमध्ये ओढतो, बाटलीत सोडतो आणि तुमच्या डोळ्यादेखत पाण्याचं सोनं होतं. हा रंग बी-टू व्हिटॅमिनचा. संध्याकाळी लघवीला गेलात की तोच रंग तुम्हाला परत भेटेल, दचकू नका, जास्तीची ताकद आपल्या घरी परत चालली आहे एवढंच.

आत काय असतं ते शक्यतो विचारू नका, श्रद्धेला तडा जातो. तरी कुणी हुशारी करून सांगितलंच तर ऐकून घ्या की नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. ग्लुकोजवाली घेतली तर ५ टक्क्यांच्या हिशोबाने २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण शंभर कॅलरी. आपल्याकडच्या लग्नात दोन कप चहा प्यायला की तेवढी साखर पोटात जाते. पण चहा तोंडाने जातो हो! तोंडाने गेलेल्या गोष्टीला आपल्याकडे औषध म्हणत नाहीत, सुई टोचली पाहिजे, हात जरा सुजला पाहिजे, शीर सापडेना म्हणून दोन्ही हात पालथे घालून झाले पाहिजेत, तेव्हा कुठे पैसे वसूल.

या बाबतीत दिलीप महालनाबीस नावाच्या डॉक्टरांनी फार घोळ घालून ठेवला. १९७१ ची गोष्ट, बांगलादेशचं युद्ध, सीमेलगत पश्चिम बंगालातल्या बनगावला निर्वासितांची छावणी आणि तिथे कॉलरा. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा या माणसाने मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रमच्या ड्रम भरून ठेवले आणि लोकांना चक्क प्यायला लावलं, पाजायला कोण तर रुग्णाची आई, भाऊ, बायको. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे बघा, एवढे जीव वाचवले आणि तेही बाटली, स्टँडच्या फार नादी न लागता. सरकारलाही हे पचायला वेळ लागला असणार, पद्मविभूषण दिलं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. त्याच ओआरएसची पुडी आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, मोठी पुडी एक लिटर पाण्यात आख्खी टाकायची असते, पण आपण ती एका पेल्यात घोळून एका दमात पितो आणि मग "काय फरक पडला नाय" म्हणत सलाईनला जातो. बरोबरच आहे.

आता काही शहाणे मध्येच बोलतील की सलाईनने खरोखर जीव वाचतात. पोटात पाणी ठरत नाही इतक्या उलट्या, कॉलरा, उष्माघात, डेंग्यूत रक्तातलं पाणी गळायला लागतं तेव्हा, अपघात, ऑपरेशन. मान्य. १८३२ मध्ये स्कॉटलंडला थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याच्या पेशंटच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं ते त्यासाठीच. पण नेमकं तिथे आपण घाई करत नाही. पोराला सकाळपासून दहा जुलाब झालेत, डोळे खोल गेलेत, रडतोय पण डोळ्यात पाणी नाही, तर आधी मीठ-मोहरीने दृष्ट काढायची, मग मावशीला फोन, मग उद्या बघू. आणि ज्या आजोबांचं हार्ट आधीच थकलंय त्यांना मात्र जरा पाय दुखले की दोन बाटल्या, त्याही सुसाट सोडून, मग ते पाणी छातीत उतरतं, दम लागतो आणि तालुक्याहून जिल्ह्याला अँब्युलन्सची सफर त्याच खर्चात... म्हणजे त्याच नाही, पण असो.

शहरातल्या मंडळींनी नाराज होऊ नये, त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यात हेच काम सोफ्यावर होतं. नाव ड्रिप थेरपी. हँगओव्हरची वेगळी, ग्लोची वेगळी, डिटॉक्सची वेगळी, ग्लुटाथायोन टाकून गोरं करणारी तर विचारूच नका. अमेरिकेत टेक्सासच्या एका कंपनीने असल्या कॉकटेलने कॅन्सर, डायबेटिसवर उपचार होतात असं सांगितलं तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये कारवाई केली, पुरावा दाखवा म्हणे! आमच्या गावात कुणी पुरावा मागितला असता तर त्यालाच एक लावली असती. बाकी फरक काय, तिकडे एसी आणि मंद म्युझिक, इकडे रेक्झिनची गादी आणि भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर. लघवी दोन्हीकडे पिवळीच.

पण खरा फायदा मला आत्याने दाखवला. सोयाबीनची काढणी आणि दिवाळी एकदम आली होती, घरात नऊ माणसं, दारात म्हैस, आणि ही आठवडाभर "वीकनेस आलाय" म्हणत होती तर कुणाचं लक्ष नाही. शेवटी चक्कर येऊन चुलीपाशी बसली तेव्हा दवाखान्यात नेली. बाटली लागली, कंपाउंडरने चाक फिरवून मिनिटाला चाळीस थेंबांवर लावलं, म्हणजे चार तासांची निश्चिंती. मी शेजारी स्टुलावर, बाटलीवर लक्ष ठेवायला. तिला फोन आला, सिलेंडरचं पुस्तक कुठंय. ती म्हणाली "सलाईन चालूय," आणि समोरच्याने चक्क सॉरी म्हणून फोन ठेवला. तापात, पाळीत, कंबर धरलेली असताना या बाईला कुणी कधी सॉरी म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. दुपारी जाऊबाई डबा घेऊन आल्या, "किती लावल्या?" "ही दुसरी." "बाई गं!" आणि संध्याकाळच्या भाकरी आपणहून स्वतःकडे घेतल्या.

चारच्या सुमारास आतोबा आले. बाटली अर्धी बघून वैतागले, शेवटची बस चुकेल म्हणाले, स्वतःच चाक फिरवून धार मोकळी सोडली आणि तंबाखू मळत बाहेर गेले. आत्या डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. तिने मोकळ्या हाताने माझी बाही ओढली.

"ते चाक आवळ रे जरा. घाई नाय मला."