शंभर हॉस्पिटलं, एक सॉफ्टवेअर: आमचा फुकटचा सल्ला

तर तुम्हाला शंभरेक हॉस्पिटलांत एकच सिस्टीम बसवायचीय. अभिनंदन! पहिलं म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरांना काहीही विचारायचं नाही, कारण विचारलं की त्या सांगतात, आणि त्यांनी सांगितलं की टेंडर बदलावं लागतं.

कित्ता गिरवायचाच तर इंग्लंडचा गिरवा. तिथल्या सरकारने २००२ ला एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, असाच प्रोग्राम काढला, देशाचे पाच भाग पाडले आणि सुमारे ६.२ अब्ज पौंडांची कंत्राटं वाटून टाकली, मग २००६ ला कंत्राटदार कंपन्यांपैकी अ‍ॅक्सेंचरने अंग काढून घेतलं, २००८ ला फुजित्सूचं कंत्राट संपवलं, आणि २०११ ला सरकारनेच गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. घाबरू नका हो, नऊ वर्षांत तुमची बदली नक्की होते.

सिक्युरिटी मात्र कडक ठेवा. तिकडे प्रत्येकाला स्वतःचं स्मार्टकार्ड होतं, पण लॉगिन व्हायला मिनिटभर लागायचं. एका इमर्जन्सी विभागाने मग काय करावं, शिफ्टच्या सुरुवातीला एकाचं कार्ड घालून ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यावरच काम उरकायचं. समोर पेशंट धापा टाकतोय आणि स्क्रीनवर ते चक्र फिरतंय, अशात तुम्हीपण हेच केलं असतं. म्हणून उगाच लॉगिन फास्ट वगैरे करत बसू नका, त्यापेक्षा कार्ड शेअर करू नये असं एक सर्क्युलर काढा.

फॉर्मात जन्मतारीख कंपल्सरी हवीच! आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपरच्या लाइनीत उभा होतो, पुढे एक आज्जी. "जन्मतारीख?" "दुष्काळ पडलेला बाबा तवा." त्या दुष्काळाला फॉर्मात जागा नाही, मागे लाइन पार गेटपर्यंत, क्लार्कने न बघता १ जानेवारी मारलं. माझ्या पुढच्या चौघांपैकी तिघं १ जानेवारीचे निघाले. तुमच्या डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवंगार दिसणार, एक रकाना रिकामा नाही.

ट्रेनिंग अर्ध्या दिवसात आटपा, चहा-बिस्किटं धरून. नाइटवाल्यांना पीडीएफ पाठवा व्हॉट्सअ‍ॅपवर.

आणि हो, सिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये एक जाड रजिस्टर असतं, सर्व्हर बसला की त्यावरच वॉर्ड चालतो. ते जप्त करायचं विसरू नका. फक्त उद्घाटन होईपर्यंत थांबा, त्या दिवशी लागेल.