“एकदा तरी पिल्लं होऊ द्या” म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मला गेल्या दोन आठवड्यांत तीन जणांनी पाठवला, त्यातला एक तर माझा मावसभाऊ, ज्याला आमच्या घरी काय काय झालं होतं ते सगळं माहितीये. म्हणून म्हटलं आता बसून उत्तर लिहूनच टाकू. मजकूर थोडक्यात असा: कुत्रीला आयुष्यात एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग हवं तर नसबंदी करा. आई झाल्याशिवाय ती अपूर्ण राहते आणि झुरते, एकदा व्यायली की कॅन्सर आणि पिशवीचे आजार होत नाहीत, स्वभाव शांत होतो, पिल्लांना घरं काय मिळतातच, मुलांना जन्म बघायला मिळतो, आणि आधीच ऑपरेशन केलं तर ती जाडी नि आळशी होते. शेवटी जोडलेले हात आणि पंजाचं चित्र.

आधीच कबूल करते, मी हे ऐकून तसंच केलं होतं. आमची टिकली, काळी लॅब्राडॉर, छातीवर पांढरा ठिपका. त्यामुळे हे कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये, स्वतः ठेच खाऊन लिहितेय.

तर पहिलं, “आई व्हायची ओढ असते, नाही झाली तर झुरते”. हे पटतं कारण डोळ्याला तसं दिसतं. माज संपून दीड-दोन महिने झाले की काही कुत्र्या खेळणी तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन ठेवतात, अंथरूण उकरतात, कुणी जवळ गेलं की गुरगुरतात, आचळांना दूधसुद्धा येतं. टिकलीने माझे तीन मोजे सांभाळले होते, चाटून चाटून ओले केलेले, आणि मी हात लावला तर असं बघायची की बास. मला वाटलं बिचारीला बाळं हवीत. प्रत्यक्षात ही खोटी गर्भधारणा असते. कुत्रीत माजानंतर प्रोजेस्टेरॉन हार्मोन साधारण दोन महिने वर राहतं, ती गाभण असो नाहीतर नसो, तिच्या शरीराला दोन्हीत फारसा फरकच नसतो, मग ते उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं आणि शरीर समजतं की आपण व्यायलो. म्हणजे हे दुःख वगैरे काही नाही, हार्मोनचा खेळ आहे. आणि एकदा पिल्लं झाली म्हणून तो थांबत नाही, पुढच्या माजानंतर परत होऊ शकतो. आमच्याकडे झाला, पाच पिल्लं वाढवून झाल्यावरसुद्धा मोजे परत गेले.

(जाता जाता: अशा वेळी आचळं पिळून दूध काढत बसू नका, त्याने अजून येतं. आणि ऑपरेशनही लगेच नको, दूध पूर्ण आटलं की करतात.)

आता कॅन्सर. हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो आणि तो चक्क उलटा आहे. मला वाटतं बायकांवरून उचललाय, कारण बायकांमध्ये कमी वयात झालेलं पहिलं बाळंतपण आणि ब्रेस्ट कॅन्सरचा कमी धोका यांचा संबंध आहे, तोच कुणीतरी कुत्रीला चिकटवला. कुत्र्यांबाबत जो आकडा सगळीकडे सांगितला जातो तो १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासातला: पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर आचळांच्या कॅन्सरचा धोका न केलेल्या मादीच्या तुलनेत ०.५ टक्के उरतो, पहिल्या माजानंतर केली तर ८ टक्के, दुसऱ्यानंतर २६ टक्के. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की २०१२ मध्ये काही संशोधकांनी असे सगळे अभ्यास परत तपासले आणि पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही असं म्हटलं. मान्य, ०.५ चा आकडा धरून बसू नका. पण फायदा आहे की नाही आणि असला तर किती, हा तिथला वाद आहे. “आधी एकदा व्यायल्याने कॅन्सर टळतो” असं त्या वादातलं कुणीच म्हणत नाहीये. उलट पिल्लांसाठी थांबायचं म्हणजे दोनतीन माज जाऊ द्यायचे.

पिशवीचे आजार, इथे मेसेजमध्ये एक कण खरा आहे, तो देऊन टाकते. पायोमेट्रा म्हणजे पिशवीत पू होणं. पिल्लं झालेल्या माद्यांमध्ये त्याचं प्रमाण थोडं कमी दिसतं असं काही अभ्यासांत आलंय. थोडं कमी, बंद नाही! कुत्रीला पाळी जाणं हा प्रकारच नसतो, म्हातारपणापर्यंत ती माजावर येत राहते आणि प्रत्येक माजानंतर पिशवीचं अस्तर जाड होतं, जंतूंना आयतं घर. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी फारशी करत नव्हते आणि विमा मात्र भरपूर जणांचा, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींमधून हे नीट कळलं, दहा वर्षांची होईपर्यंत साधारण पाचातल्या एकीला पायोमेट्रा झालेला होता. पाचातली एक! लक्षणं अशी की माज संपून काही आठवडे झालेत, पाणी भसाभसा पितेय, सारखी सू, खात नाही, मरगळलीये. खालून घाण येत असेल तर निदान कळतं तरी, पिशवीचं तोंड बंद असेल तर आत साठत जातं आणि मग रात्री-बेरात्री धावाधाव, आजारी अवस्थेत मोठं ऑपरेशन. नसबंदीत पिशवीच काढलेली असेल तर हा विषयच जवळपास संपतो.

ह्या सगळ्यात मेसेज एक गोष्ट शिताफीने गाळतो, ती म्हणजे बाळंतपण स्वतःच धोक्याचं असतं. चपट्या तोंडाच्या जाती घ्या, ब्रिटनमधल्या २०१० च्या पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरिअर ह्यांच्या ८० टक्क्यांहून जास्त वेतांत सिझेरियन करावं लागलं होतं. लॅबचं तसं नाही म्हणून आम्ही निर्धास्त. मेटिंगनंतर साधारण ६३ दिवस धरतात, थोडं मागेपुढे. एकसष्टाव्या दिवशी टिकलीचं टेंपरेचर ३७.२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं, म्हणजे चोवीस तासांत व्यायणार, इतकं मला वाचून माहिती होतं. रात्री नऊला पहिलं पिल्लू, साडेबारापर्यंत चार, आणि मग काहीच नाही. ती धापा टाकतेय, दाराकडे बघतेय. दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले आणि आत अजून आहेत असं वाटलं तर डॉक्टरांना गाठायचं असतं, ते मला त्या रात्री दीड वाजता फोनवर कळलं. चार पिल्लं टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर, टिकली मागच्या सीटवर. तिथे इंजेक्शनं दिल्यावर तीन आली, त्यातलं मधलं मेलेलं. डॉक्टरांनी ते कापडाने चोळलं, तोंडातलं पाणी काढलं, परत चोळलं, आणि मग टेबलावर बाजूला ठेवून पुढचं घ्यायला वळले. टिकली मान वळवून वळवून त्या कापडाकडे बघत होती. झुरणं म्हणतात ना, ते मी त्या रात्री पाहिलं.

मग सहा. नवजात पिल्लू म्हणजे गोड फोटो नाही हो. पहिल्या दोन आठवड्यांत डोळे बंद, स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईने चाटल्याशिवाय सू-शीसुद्धा होत नाही. आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधली आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. रोज वाढायलाच हवं, एक दिवस जरी घटलं तरी सावध व्हायचं. हिरवी लोकर पहिल्या दिवशी २९० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी २८५. तिसऱ्या दिवशी २७०, आणि अंग गार. मी काय केलं, तर बाटलीने दूध पाजलं. ते चूक होतं, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी हळूहळू ऊब द्यायची आणि मग पाजायचं. हे मला चौथ्या दिवशी सकाळी कळलं, तेव्हा हिरव्या लोकरीचा उपयोग उरला नव्हता.

त्यावर तिसऱ्या आठवड्यात टिकली थरथरायला लागली. मला वाटलं थंडी वाजतेय, पण ते कॅल्शियम उतरलेलं होतं. दूध पाजणाऱ्या आईत होतं, लहान जातींमध्ये जास्त, आणि वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं नाही तर झटके येऊन जीव जातो. तिचं निभावलं.

“स्वभाव शांत होतो”. नाही होत. जे शांत होणं लोकांना दिसतं ते वय असतं, दोन-तीन वर्षांची होता होता कुत्री तशीही निवळतेच, पिल्लांना उगाच श्रेय. हाच सल्ला नरालाही देतात, एकदा मेटिंग करून दिलं की डोकं शांत होईल, म्हणजे काय बोलायचं. मेटिंगवरून एक, कुत्र्यांत एक कॅन्सर असा आहे की तो मेटिंगमधून चक्क लागतो. विषाणू वगैरे काही नाही, एका कुत्र्याच्या कॅन्सरच्या पेशीच दुसऱ्याच्या अंगात जाऊन वाढतात. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला झालेली गाठ तेव्हापासून अशी एकातून दुसऱ्यात जिवंत आहे. केमोने बरी होते बहुतेक वेळा, पण “एकदाच तर द्यायचंय” म्हणून अनोळखी कुत्रा शोधणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मुलांना जन्म दिसतो, दिसतो ना, माझ्या मुलीने मेलेलं पिल्लूही पाहिलं. पुढे.

आता घरं. टिकली गाभण असताना अकरा जणांनी “एक आम्हाला” सांगितलं होतं, मी वहीत नावं लिहून ठेवली होती. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये, चावताना किती जोर लावायचा हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं, आणि तीन ते बारा-चौदा आठवडे हा त्याचा माणसं, आवाज, रस्ते ओळखीचे करून घ्यायचा काळ, म्हणजे तो अर्धा काळ तुमच्या अंगावर. आठ आठवड्यांनी फोन फिरवले तर अकरातले तीन उरले. कुणाचं घर बदललं, कुणाच्या बायकोचा विरोध, कुणाला नरच हवा होता, कुणी फोनच उचलला नाही. उरलेल्या दोन पिल्लांसाठी अजून महिनाभर गेला. पाचातलं एक पाच महिन्यांचं झाल्यावर परत आलं, सोफा खाल्ला म्हणून. आणि समजा पाचही घरं पहिल्याच दिवशी मिळाली असती तरी ती पाच घरं आली कुठून? जी माणसं कुत्रा घ्यायला तयारच होती, ती शेल्टरमधून घेऊ शकली असती.

राहिला शेवटचा, जाडी होते. हे खरं आहे, अर्धं. नसबंदीनंतर शरीराला लागणारं अन्न साधारण पाव हिश्श्याने कमी होतं आणि भूक मात्र वाढते. म्हणजे वाडगा तोच ठेवला तर वजन चढणारच, त्यात ऑपरेशनचा दोष किती आणि वाढणाऱ्या हाताचा किती ते तुम्हीच बघा. खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजला ती माहितीच नाही: मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचा त्रास वाढतो असं दिसलंय, २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हरवर काम केलं त्यात वर्षाच्या आत केलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं. काही माद्यांना, त्यातही मोठ्या आकाराच्या, पुढे झोपेत सू सुटते, त्यावर औषध आहे. म्हणून कधी करायची हा प्रश्न जात, वजन, वय बघून डॉक्टरांशी बोलायचा आहे. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, उत्तर काहीही येऊ शकतं. “एका बाळंतपणानंतर” हे उत्तर मात्र त्यात नसतं.

तर मावसभाऊ. अकरातल्या त्या तिघांपैकी एक तो, लाल लोकरवाली त्याच्याकडे आहे, आता दीड वर्षाची. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, “ताई, हिलाही एकदा होऊ द्यायचं म्हणतोय, तुझा अनुभव आहेच, मदत करशील ना.”

मी वरचं सगळं त्याला पाठवलं नाही, तो वाचणार नाही. फोन केला आणि विचारलं माज कधी संपला. म्हणाला पाच आठवडे झाले. म्हटलं मग आता खेळणी गोळा करायला लागेल, घाबरू नकोस, अजून दीड महिना जाऊ दे, दूध आलं तर आटू दे, तोवर डॉक्टरांची तारीख घेऊन ठेव, त्या दिवशी मी येते, गाडीत तिला मांडीवर कुणीतरी घ्यायला लागेल.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मोजे लपवतेय खरं कालपासून.