फोटो टाकला की पैसे खात्यात?

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'गाडीचा विमा आता पूर्ण डिजिटल. ठोकली तर चार फोटो टाका, एआय पाच मिनिटांत क्लेम पास करतो. सर्व्हेअर गेला, प्रीमियम अर्धा. मागचा क्लेम सांगू नका, ऑनलाइन कोण बघतंय? पॉलिसीचा कागदही गाडीत ठेवू नका.' वाचून बरं वाटतं. क्लेम करायची वेळ आली की मात्र पंचाईत होते.

सर्व्हेअर, म्हणजे गाडीचं नुकसान तपासून त्याची रक्कम ठरवणारा माणूस, कुठेही गेलेला नाही. आरसा तुटला, बंपर घासला, एवढ्यावर अनेकदा फोटोंनी काम भागतं, हे मान्य. पण मोटार विम्यात नुकसान ५०,००० रुपयांवर गेलं की परवानाधारक सर्व्हेअर लागतो. आणि नियम बाजूला ठेवला तरी फोटोत दिसतं काय? समोरून ठोकलेल्या गाडीचा फुटका बंपर आणि हेडलाइट. आत कंडेन्सर गळतोय का, रेडिएटरचा सपोर्ट वाकलाय का, हे बंपर उतरवल्यावर कळतं. म्हणूनच गॅरेजवाला पहिल्या एस्टिमेटनंतर सप्लिमेंटरी, म्हणजे वाढीव, एस्टिमेट पाठवतो, आणि खरी घासाघीस तिथेच चालते: पार्ट बदलायचा की ठोकून सरळ करायचा? तंत्रज्ञानाने वाचवली ती सर्व्हेअरची फेरी. आता तो व्हिडिओ कॉलवर मेकॅनिकला म्हणतो, 'टॉर्च मारा, जरा खालून दाखवा.'

शिवाय क्लेम पास झाला म्हणजे बिल पूर्ण मिळालं असं नव्हे. पार्ट जुना झाला म्हणून कंपनी जी रक्कम वजा करते तो घसारा; झिरो डेप, म्हणजे तो न कापण्याचं जादा कव्हर, घेतलं नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो. ॲपने तो पाच मिनिटांत कापला, तरी कापलाच ना!

प्रीमियम अर्धा? थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला १ जून २०२२ पासून लागू झालेला वार्षिक दर ३,४१६ रुपये. एजंटकडून घ्या नाहीतर मोबाईलवरून, त्यात पैसा कमी होत नाही. सवलत मिळते ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या भागावर. २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने परवानगी दिलेल्या 'जितकी चालवाल तितका प्रीमियम' या योजनाही त्याच भागापुरत्या.

मागचा क्लेम लपवायचा सल्ला सगळ्यात घातक, आणि डिजिटल काळात तर उलटाच. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो, त्यामुळे मोह होतो हे खरं. पूर्वी नव्या कंपनीला जुन्या कंपनीकडून पत्र मागवावं लागे, ते कधी येई, कधी येतच नसे. आता गाडीच्या नंबरावरून जुन्या क्लेमची नोंद तपासणं कितीतरी सोपं झालंय. पॉलिसी काढताना कुणी विचारत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. विचारतात ते क्लेमच्या वेळी, आणि खोटा बोनस घेतलेला निघाला तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

कागदाचं तेवढं बरोबर आहे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली पॉलिसी २०१८ पासून ग्राह्य आहे. फक्त घाटात रेंज नसताना पोलिसांनी अडवलं तर पंचाईत नको म्हणून मी एक पीडीएफ फोनमध्ये वेगळी ठेवतो.