आजपासून चारच

गोव्यातल्या कथा पावसाने सुरू होणं आता पुरे. दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांना ही मनापासून विनंती.

"आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, मांडवी दुथडी भरून वाहत होती." यात दोष पावसाचा नाही, क्रियापदाचा आहे. 'होतं, होता, होती' कानावर पडलं की वाचक ती पार्श्वभूमी समजतो आणि मुख्य गोष्टीची वाट बघतो. तीन वाक्यं बघेल, चौथ्याला पान उलटेल. 'आली', 'म्हणाला', 'मोडलं' या साध्या भूतकाळात मात्र काहीतरी घडून जातं.

आता हे बघा:

"पोदेराने नेहमीचे सहा पाव मोजले, तशी आई म्हणाली, 'आजपासून चारच.'"

जेमतेम दहा शब्द. पोदेर म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणारा. 'नेहमीचे' या शब्दाने घराची रीत कळते, 'चारच'ने ती मोडते. दोन पाव कुणाचे होते, हा प्रश्न वाचक स्वतःच विचारतो. पण सगळा भार 'आजपासून'वर आहे. नुसतं 'आज चारच' म्हटलं तर कुणीतरी गावाला गेलं असेल, उद्या परतेल. 'आजपासून' म्हटल्यावर घर कायमचं बदललं. आणि 'चारच' शेवटी आहे, कारण मराठीत वाक्याचा शेवटचा शब्दच कानात राहतो. "'चारच द्या आजपासून,' असं आई पोदेराला म्हणाली" असं लिहून मोठ्याने वाचा, फरक लगेच कळेल.

ही ओळ मरते ती पुढच्या वाक्यात. "कारण बाबांना जाऊन तेरा दिवस झाले होते." झालं, उत्तर मिळालं, वाचक मोकळा! त्याऐवजी पोदेर दोन पाव टोपलीत परत टाकतो आणि भोंगा न वाजवता सायकल वळवतो, एवढंच लिहा. त्याला ठाऊक आहे, वाचकाला अजून नाही. उत्तर निदान पानभर तरी लांबवा. फार लांबवलंत तर मात्र ती लपवाछपवी वाटते.

निसर्ग हवाच असेल तर त्याला कामाला लावा. "मानशीचं दार रात्री कोणीतरी उघडं ठेवलं आणि पहाटे खारं पाणी शेतात शिरलं." खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आणि मानशी म्हणजे त्या बांधातली पाणी अडवायची-सोडायची जागा. हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही 'खारं पाणी' आणि 'शेत' एवढं पुरतं. तळटीप नको. कोंकणी शब्दांचंही तेच: पहिल्या ओळीत एखादाच ठेवा, आणि त्याचा अर्थ शेजारच्या क्रियापदातून उलगडू द्या.

पहिल्या वाक्यात दोनपेक्षा जास्त नावं नकोत. संवादाने सुरुवात केलीत तर बोलणाऱ्याच्या हातात लगेच काहीतरी द्या, नाहीतर आवाज हवेत तरंगतो. प्रेताने सुरुवात करण्याचा मोह तर टाळाच. त्या उंचीवरून दुसरा परिच्छेद हमखास घसरतो.

पहिली ओळ पहिल्यांदा लिहायचा हट्टही नको. कथा पुरी करा, चार दिवस बाजूला ठेवा, मग पहिले दोन परिच्छेद हाताने झाकून तिसऱ्यापासून वाचा. पुष्कळदा खरी सुरुवात तिथेच सापडते, आणि झाकलेल्यातली एखाद-दुसरी माहिती पुढे कुठेतरी सहज बसते. बाकीचं खोडून टाका, कितीही सुंदर असलं तरी.