तो ६९०-६९५ वाला फॉरवर्ड: एकदाच काय ते बोलून घेतो

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. वर ठळक अक्षरात "अमेरिकन कामगार वाचवा, देशातलाच माल घ्या", बाजूला तीन झेंडे आणि खाली पाच मुद्दे. बारकोडचे पहिले तीन आकडे ६९० ते ६९५ असतील तर माल चायनाचा, शून्यानं सुरू होत असेल तर अमेरिकेचा. पाकिटावर अमेरिकेचा झेंडा असेल तर डोळे झाकून घ्या. गाडी फक्त अमेरिकन कंपनीचीच घ्या. चायनाच्या वस्तूवर घातलेला अख्खा डॉलर चायनाला जातो. आणि प्रत्येकानं फक्त ६४ डॉलर अमेरिकन मालावर खर्च केले तर दोन लाख नोकऱ्या तयार होतात. शेवटी अर्थातच, २० जणांना पाठवा.

एरवी मी असल्या गोष्टी न वाचता पुढे सरकतो. पण यावेळी तो मिशिगनच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मामींनी फारच मनावर घेतला. त्यांनी पेपर टॉवेलचा भलामोठा पॅक दुकानात नेऊन परत केला, कारण काय, तर बारकोड ६९४ नं सुरू होत होता. परत करायच्या आधी पुरावा म्हणून ग्रुपवर फोटोही टाकला. त्याच फोटोत, बारकोडच्या बोटभर वर, 'मेड इन यूएसए' असं छापलेलं स्वच्छ दिसतंय. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. म्हणजे अमेरिकन कामगाराला वाचवायच्या नादात अमेरिकन कामगारानं बनवलेलाच माल परत गेला, आणि वर सहा जणांनी अंगठे दिले.

तर बारकोड. तुमच्या गाडीवर एमएच १२ पाटी आहे म्हणून ती गाडी पुण्यात बनली असं कुणी म्हणेल का? पुण्यात रजिस्टर झाली, बस. बारकोडचंही तसंच आहे. जीएस१ नावाची संस्था जगभर हे नंबर वाटते, देशोदेशी तिच्या शाखा आहेत, आणि पहिले आकडे फक्त एवढंच सांगतात की कंपनीनं कुठल्या शाखेकडून नंबर घेतला. माल कुठल्या कारखान्यात बनला याच्याशी त्याचा संबंध नाही, हे जीएस१ स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलीये. अमेरिकन कंपनी चायनात माल बनवून आणते तेव्हा त्यावर बहुतेक वेळा अमेरिकन नंबरच असतो. फॉरवर्डचा "शून्य म्हणजे अमेरिका" हा नियम नेमका ज्या मालाबद्दल मामांना राग आहे त्यालाच पास करतो!

आणि मामींचं ६९४? ही तर गंमतच आहे. इथे अमेरिकेत दुकानातल्या बहुतेक मालावर यूपीसी नावाचा बारा आकडी बारकोड असतो, आणि फॉरवर्डमधला तक्ता आहे तेरा आकडी बारकोडचा. बारा आकडी नंबर तेरात बसवताना पुढे एक शून्य धरतात, जे छापलेलं नसतं. पाकीट हातात घेऊन बघा, डाव्या कडेला रेघांच्या बाहेर एक छोटा आकडा सुटा छापलेला असतो, तो पहिला. तिथे ६ असेल आणि पुढे ९४ असेल तर पूर्ण नंबर होतो ०६९४ आणि काहीतरी. म्हणजे पहिले तीन आकडे ०६९, आणि ०६९ हा जीएस१ च्या अमेरिकन शाखेचाच आकडा आहे. चायनाचा ६९० ते ६९९ हा पट्टा खरा आहे, पण तो तेरा आकड्यांत पहायचा. आधी आकडे मोजायचे, मग संताप करायचा. आणि तक्त्यावर एवढाच विश्वास असेल तर घरातली पुस्तकं उलटून बघा, ९७८ नं सुरू होतील. ९७८ हा कुठला देश? कुठलाच नाही, तो पुस्तकांचा नंबर आहे.

मी राहतो ओहायोतल्या डेटनजवळ. इथून अर्ध्या तासावर ट्रॉय नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या मार्श सुपरमार्केटमध्ये २६ जून १९७४ ला जगातला पहिला यूपीसी बारकोड काउंटरवर स्कॅन झाला, च्युइंगमच्या पाकिटाचा. ही सगळी भानगड कॅशियरनं किंमत हातानं मारायला लागू नये आणि दुकानदाराला स्टॉक कळावा म्हणून काढलेली. देशभक्तीची परीक्षा घ्यायला नव्हे.

घरचंच उदाहरण देतो. आमच्याकडे भाकरीला लॉज कंपनीचा बिडाचा तवा आहे, टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावात ओतलेला. ही कंपनी १८९६ पासून तिथे आहे. त्याच कंपनीचं लाल इनॅमलचं जाड भांडं पण आहे, वरणाला. त्याच्या बॉक्सवर स्पष्ट लिहिलंय, मेड इन चायना. दोन्हींचा बारकोड शून्यानंच सुरू होतो. आता सांगा फॉरवर्डवाल्यांनी, तवा ठेवू का भांडं फेकू? (भांडं फेकणार नाही, वरण झकास होतं.)

हेच फॉरवर्ड भारतात "८९० म्हणजे स्वदेशी" म्हणून फिरतं, आकडे आणि झेंडा बदलून. पुण्यातल्या मावशीनं मला दिवाळीच्या माळांसाठी पाठवलेलं. भारतातल्या एखाद्या आयातदारानं चायनातून माळा आणल्या, स्वतःच्या नावाच्या बॉक्सात भरल्या आणि ८९० चा नंबर चिकटवला तर त्यात बेकायदेशीर काही नाही. झाल्या का माळा स्वदेशी?

मग बघायचं कुठे? लेबल वाचायचं, दुसरं काय. अमेरिकेत १९३० च्या टॅरिफ ॲक्टचा, म्हणजे आयात शुल्काच्या कायद्याचा, नियम आहे की बाहेरून आलेल्या मालावर, थोडे अपवाद सोडले तर, मूळ देशाचं नाव इंग्रजीत आणि वाचता येईल असं असलंच पाहिजे. बॉक्सच्या खाली, कॉलरच्या आत, भांड्याच्या बुडाला. बारीक असतं, मान्य, चष्मा लावा.

झेंड्याचा मुद्दा पटकन संपवतो. झेंडा कुणीही छापू शकतो. 'मेड इन यूएसए' हे शब्द मात्र कुणीही छापू शकत नाही; फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की माल "सगळा किंवा जवळजवळ सगळा" अमेरिकेतलाच हवा, आणि २०२१ पासून खोटं लिहिलं तर दंड आहे. लायन्स नॉट शीप नावाची कपड्यांची कंपनी, देशभक्तीवालीच, आयात टी-शर्टांची मूळ लेबलं काढून 'मेड इन यूएसए' लावत होती असा कमिशनचा आरोप होता. २०२२ मध्ये दोन लाख अकरा हजार डॉलर भरावे लागले. २०२४ मध्ये घरगुती वस्तू विकणाऱ्या विल्यम्स-सोनोमा कंपनीलाही ३१ लाख ७५ हजार डॉलरांचा दंड झाला. म्हणजे लेबलही शंभर टक्के देवासारखं नाही, पण त्याच्यामागे निदान कायदा उभा आहे. 'असेम्बल्ड इन यूएसए' दिसलं तर समजून घ्या की सुटे भाग बाहेरचे असू शकतात. 'डिझाइन्ड इन' असेल तर कारखान्याबद्दल त्यात काहीच नाही.

आता गाडी. मामा, तुम्ही दर थँक्सगिव्हिंगला माझ्या होंडावरून मला बोलता, म्हणून हे खास तुमच्यासाठी. माझी अकॉर्ड मेरिसव्हिलला बनली, इथे ओहायोत, जिथे होंडा १९८२ पासून गाड्या बनवतेय. काचेतून दिसणारा व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १ नं सुरू होतो. तुमची फोर्ड मॅव्हरिक मेक्सिकोत बनते, हर्मोसियोला, आणि तिचा नंबर ३ नं सुरू होतो. जाऊन बघा, ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात. १, ४, ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे जपान, के कोरिया. हा एक आकडा खरंच गाडी कुठे जोडली ते सांगतो, आणि फॉरवर्डवाल्यानं नेमका तोच सोडला! नवीन गाडीच्या काचेवर स्टिकरही असतो, १९९४ पासून सक्तीचा, त्यात शेवटची जोडणी कुठल्या गावात, इंजिन कुठल्या देशाचं आणि सुटे भाग किती टक्के, सगळं लिहिलेलं. त्यात अमेरिका-कॅनडाचे टक्के एकत्र धरतात ही खोट आहे, पण बोनेटवरच्या बिल्ल्यापेक्षा लाख पटीनं बरं. फोर्ड वाईट असं मी म्हणत नाहीये. पण कामगाराचा विचार करायचा तर मेरिसव्हिलच्या लायनीवर उभा राहणाराही अमेरिकन कामगारच आहे ना?

"अख्खा डॉलर चायनाला जातो" याला माझ्याकडे एकच कागद आहे, पण भक्कम आहे. सॅन फ्रान्सिस्को फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची तिथली शाखा) गॅलिना हेल आणि बार्ट होबेन यांनी २०११ मध्ये हिशोब मांडला. 'मेड इन चायना' लिहिलेल्या वस्तूवर गिऱ्हाइकानं दिलेल्या एका डॉलरमधले सरासरी ५५ सेंट अमेरिकेतच राहतात. ट्रकवाला, गोदाम, दुकानाचं भाडं, काउंटरवरची पोरगी, जाहिरात. आणि अमेरिकन माणसाच्या एकूण खर्चात चायनाच्या लेबलचा वाटा २०१० साली किती? २.७ टक्के. घरभाडं, डॉक्टर, शाळा, केस कापणं, हे सगळं इथलंच असतं ना. कपडे आणि बुटांत मात्र चायनाचा वाटा ३५.६ टक्के होता, तेही त्याच कागदात आहे, लपवत नाही. आकडे जुने आहेत हेही कबूल. पण "अख्खा डॉलर" हे तेव्हाही खोटं होतं आणि आजही तुमचा ट्रकवाला फुकट माल आणत नाही.

राहिले ६४ डॉलर. हा आकडा हवेतला नाही, एबीसी न्यूजनं २०११ च्या ख्रिसमस खरेदीच्या वेळी चालवलेला. गणितही जमतं: ३१ कोटी लोक गुणिले ६४ म्हणजे जवळपास २० अब्ज डॉलर, भागिले दोन लाख, नोकरीमागे लाखभर डॉलर. पण हे ६४ डॉलर येणार कुठून? महागातला अमेरिकन शर्ट घेतला आणि त्यापायी कोपऱ्यावरच्या डायनरमधलं जेवण रद्द केलं, तर तिथल्या वेटरचं काय? तोही अमेरिकन कामगारच. तो वजा करायचं फॉरवर्डवाला विसरला.

आता एक मान्य करतो, जरा जिवावर येऊनच. मामांचा राग खोटा नाही. त्यांचा सुट्या भागांचा प्लँट २००९ मध्ये बंद पडला तेव्हा काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. २००० च्या सुरुवातीला अमेरिकेत कारखान्यांत १ कोटी ७३ लाखांच्या आसपास लोक होते, २०१० च्या सुरुवातीला १ कोटी १५ लाखांच्या आसपास. यात मशिनंही आली, मंदीही आली, पण चायनाच्या आयातीचा त्यात मोठा हात होता हे आता अर्थशास्त्रज्ञही नाकारत नाहीत. आणि जवळच्या कारखान्याचा माल घेतला तर त्या गावाला फायदा होतो हेही खरं. मी तवा तसाच घेतला.

फक्त तो फायदा फुकट नसतो. २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशिनवर टॅरिफ लावला तेव्हाचा हिशोब तीन अर्थशास्त्रज्ञांनी, फ्लेन, होर्ताक्सू आणि टिंटेलनॉट यांनी, मांडलाय. मशिनं साधारण १२ टक्के महागली, टेनेसी आणि साउथ कॅरोलायनातल्या नव्या कारखान्यांसकट सुमारे १,८०० नोकऱ्या आल्या, आणि गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला दीड अब्ज डॉलर जास्तीचे गेले. सरकारला टॅरिफचे मिळाले ते वजा करूनही एका नोकरीला सव्वाआठ लाख डॉलरच्या आसपास. त्यात ड्रायरही तेवढेच महागले, ज्यांच्यावर टॅरिफ नव्हताच! लोक दोन्ही जोडीनं घेतात म्हणून दुकानदारांनी दोन्हींचे भाव वाढवले.