"तेलाच्या नावाखाली मेण" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

पार्सल उशिरा पोचलं आणि तुम्हाला दोनदा फोन करावा लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडचं कुरिअर रामभरोसे असतं. एक तारा दिलात, तोही मान्य. पण "भिरंडेल तेलाच्या नावाखाली मेणाचा गोळा विकतात" हे वाचून रात्री जेवण गेलं नाही. असलं वाचूनच लोक ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवतात, आणि आमचं घर याच्यावर चालतं.

ताई, भिरंडेल घट्टच असतं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं हे तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कोकणातल्या उन्हाळ्यातसुद्धा घरात ठेवलेला गोळा सहसा गोळाच राहतो. थंडीत पुण्याला खोबरेलाची बाटली गोठते, तेव्हा त्यात कुणी मेण शोधत नाही. शिवाय तुमच्याच फोटोत गोळा फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीला टेकून बसलाय. तिथे तो नखाने खरवडला जाणार कसा? (फोटोत अर्धाच गोळा आहे. इतका दगड होता तर अर्धा संपला कसा, हे मी विचारत नाही.)

तरी शंका असेल तर तुकडा वाटीत घ्या आणि वाटी अंघोळीच्या कडक पाण्यात धरा. भिरंडेल हळूहळू पातळ होईल. मेणबत्तीच्या मेणाला बहुतेक वेळा ५० च्या पुढे जावं लागतं, ते तसंच बसून राहील. टाचांना लावताना आमच्या सासूबाई गोळा दिव्यावर जरा धरतात आणि भेगेत चोळतात. तसं करून बघा.

"टाकाऊ बियांचे एवढे पैसे" असंही लिहिलंत. आमसुलं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) झालं की बिया उरतात, हे खरं. पण त्या तशाच ठेवल्या तर बुरशी धरतात. एप्रिल-मेमध्ये धुऊन उन्हात घालायच्या, वळीव आला की धावत आत आणायच्या. मग टरफल फोडून मगज काढायचा, कुटायचा, पाण्यात उकळायचा. रात्रभर निवू दिलं की सकाळी वर साय धरावी तसा थर येतो. तो काढून पुन्हा वितळवून गाळायचा आणि मुठीत वळायचा. किलोभर सुक्या बियांतून पावभर तेल निघालं तर आम्ही खूश. लिप बाम आणि क्रीममध्ये जातं ते पांढरंशुभ्र, बिनवासाचं कोकम बटर कारखान्यात शुद्ध केलेलं असतं. आमचं चुलीवरचं आहे, म्हणून करडं दिसतं आणि वासही येतो. भेसळ करायची असती तर आधी रंग सुधारला असता.

कसं वापरायचं याची चिठ्ठी पार्सलात घालायचं मनात आहे, बघू, पुढच्या लॉटपासून. पॅकिंगकडेही लक्ष देऊ.

उरलेला गोळा परत पाठवलात तर तेवढ्याचे पैसे देईन, कुरिअरचा खर्च माझा. तारे वाढवा असं म्हणत नाही, फक्त तो "मेण" शब्द तेवढा काढा. फोन करायचा असेल तर दुपारी दोन ते चार सोडून करा, त्या वेळी दुकान बंद असतं.